श्रेडर लावण्याआधी वर्गवारी करा: पऱ्हाटी, छाटणीच्या फांद्या आणि पाचट यांचा पुनर्वापर

कापसाची शेवटची वेचणी उरकलेली, तुरीची कापणी झालेली, डाळिंबाच्या आंबे बहाराची छाटणी नुकतीच संपलेली आणि ऊसतोड जोरात. जानेवारी-फेब्रुवारीत शेतात जितका काडीकचरा साचतो तितका एरवी कधी साचत नाही. श्रेडर भाड्याने मिळू लागल्यापासून बांधावर पेटवून देण्याऐवजी कुट्टी करणारे वाढलेत, हे चांगलंच झालं. पण त्यासोबत सगळं सरसकट यंत्रात घालण्याची घाईही आली. रोगट फांदीची कुट्टी बागभर पसरली, तर रोग आपणच पसरवला असं होतं. म्हणून यंत्र शेतात येण्याच्या आदल्या दिवशी तीन ढीग वेगळे करा: निरोगी, किडका-रोगट आणि ज्याला खतात अजिबात जागा नाही असा.

पऱ्हाटी

गुलाबी बोंडअळीमुळे पऱ्हाटीचा, म्हणजे वेचणीनंतर उरलेल्या कपाशीच्या झाडांचा, विचार सगळ्यात आधी करावा लागतो. ही अळी हंगाम संपता संपता न उमललेल्या किडक्या बोंडांत आणि सरकीत सुप्तावस्थेत जाते आणि पुढच्या पावसाळ्यात पतंग होऊन बाहेर येते. २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात या अळीने कपाशीचं काय केलं ते विसरण्यासारखं नाही. त्यामुळे फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी रानात राखण्याचा, मोह टाळा. दोन-चार वेचण्यांच्या कापसासाठी पुढचं पीक धोक्यात घालणं परवडत नाही.

रान मोकळं करण्याआधी शेळ्या-मेंढ्या चरायला सोडा. हिरवी बोंडं आणि पाला त्या साफ करतात. मात्र नुकतीच फवारणी झालेली असेल तर सोडू नका. पऱ्हाटी चिमट्याने मुळासकट उपटा. नुसती वरून कापली तर ओल असलेल्या रानात खोडाला पुन्हा फूट येते आणि किडीची सोय होते. उपटल्यानंतर ती फार दिवस वाळत ठेवू नका. थोडी ओलसर काडी श्रेडरमधून झरझर निघते, पूर्ण वाळली की ती लाकडासारखी कडक होते आणि पाती लवकर बोथट होतात.

हेक्टरी साधारण दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने या काडीपासून पार्टिकल बोर्ड, ब्रिकेट (जळणाच्या दाबलेल्या विटा), कंपोस्ट, अगदी धिंगरी अळिंबीसुद्धा (ऑयस्टर मशरूम) करून दाखवली आहे. तेव्हा व्यापारी दारात आला तर भाव जरूर विचारा, पण मुळांची माती झटकून, वाळवून द्या; मातीमुळे ब्रिकेटची राख वाढते आणि भाव पडतो. सरपणासाठी ठेवायची असेल तर काडीवरची बोंडं तोडून नष्ट करा, गंजी शेताच्या कडेला रचू नका आणि पाऊस सुरू होण्याआधी ती संपेल इतकीच ठेवा. जूनमध्ये बांधावर उभी असलेली पऱ्हाटीची गंजी म्हणजे शेजाऱ्याच्या कपाशीलाही त्रास.

फळबागेची छाटणी

डाळिंबात तेल्या या जिवाणूजन्य रोगाचे डाग असलेल्या फांद्या, पानं आणि फळं कुट्टीत घालू नका, आच्छादनाला वापरू नका, शेणखड्ड्यातही टाकू नका. या रोगाचे जिवाणू झाडाच्या पडलेल्या अवशेषांत महिनोन्‌महिने टिकतात. असा माल लगेच वेचून बागेबाहेर नेऊन जाळणं हाच उपाय आहे. पालापाचोळा जाळू नये असं आम्हीच सांगतो, पण इथे अपवाद करावा लागतो. मर रोगाने गेलेलं झाड उपटताना मुळं बागेतून ओढत नेऊ नका, गोणीत भरून न्या. कात्री आणि करवत प्रत्येक झाडानंतर सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवा.

फांद्या जाड असतील तर राख करण्याऐवजी कोळसा करता येतो. शंकूसारखा खड्डा घ्या, तळाशी आग पेटवा आणि आधीच्या थरावर पांढरी राख धरू लागली की वर नवा थर टाका. ज्वाळा वरच राहते, खाली हवा पोचत नाही, त्यामुळे धूर कमी होतो आणि रोगजंतूही मरतात. खड्डा भरल्यावर भरपूर पाणी ओतून विझवा. हा कोळसा कोरडाच शेतात टाकू नका, तो आधी अन्नद्रव्यं स्वतःत ओढून घेतो. शेणाच्या स्लरीत दोन-तीन आठवडे मुरवून मग वापरा.

आंब्याच्या भिरूड (लाकूड पोखरणारी कीड) लागलेल्या फांद्या फोडून आतल्या अळ्या मारल्याशिवाय रचून ठेवू नयेत. संत्रा-मोसंबीच्या निरोगी फांद्यांची कुट्टी आच्छादनाला उत्तम, फक्त ती बुंध्यापासून फूटभर लांब ठेवा. सालीला ओला काडीकचरा टेकला की डिंक्याला (सालीतून डिंक गळण्याचा रोग) आमंत्रण मिळतं. उन्हाळ्यात वाळवीसुद्धा याच वाटेने चढते.

ढीग कसा लावायचा

लाकडी मालात कर्ब भरपूर आणि नत्र थोडं. कच्ची कुट्टी जमिनीत मिसळून लगेच पेरणी केली, तर कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र उचलतात आणि पीक पिवळं पडतं. तीच कुट्टी वर पसरली तर एवढा त्रास होत नाही. मिसळायचीच असेल तर आधी कुजवा.

तुकडे दोन ते पाच सेंटीमीटरचे हवेत. पाचट कुजवताना टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं जिवाणू संवर्धन हे प्रमाण ऊस पट्ट्यात रुळलेलं आहे. पऱ्हाटीच्या कुट्टीलाही तिथूनच सुरुवात करा आणि जोडीला शेणकाला सढळ हाताने वापरा. युरियासोबत राख किंवा चुना टाकू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जातं. ढीग चार-पाच फूट उंच असावा. त्याहून बुटका असेल तर तो तापत नाही. मूठभर माल घट्ट दाबला की हात ओला व्हावा, पण पाण्याची धार लागू नये.

किडी आणि रोगजंतू मरायला ढीग आतून ५५ ते ६५ अंश तापला पाहिजे. लोखंडी सळई मध्यभागी खुपसून दहा मिनिटांनी काढा. ती हातात धरवली नाही तर काम सुरू आहे असं समजा. कडेचा थर मात्र कधीच एवढा तापत नाही, म्हणून पंधरा दिवसांत निदान चार-पाच वेळा बाहेरचा माल आत आणि आतला बाहेर करा. हे कष्ट टाळायचे असतील तर किडका माल ढिगात घालूच नका. गाजर गवत फक्त फुलं येण्याआधीचं घ्या.

कोकणात आणखी एक काळजी घ्यावी लागते. नारळाचे कुजके बुंधे आणि शेणखताचे खड्डे ही गेंडा भुंग्याची पैदाशीची जागा. ढीग उलटताना जाड पांढऱ्या अळ्या वेचून मारा आणि खड्ड्यात मेटारायझियम ही अळ्यांना मारणारी बुरशी मिसळा.

काय घ्यायचं नाही

रंगवलेल्या चौकटी, प्लायवूड, वाळवीचं औषध मारलेलं लाकूड खतात नको, कोळशात नको आणि त्याची राखही शेतात नको. द्राक्ष निर्यातीमुळे नाशिककडे जुने पॅलेट स्वस्तात मिळतात. त्यावरचा शिक्का बघा. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेची प्रक्रिया, गाभ्यात ५६ अंशाला ३० मिनिटं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी. ‘एमबी’ शिक्क्याचे पॅलेट भाजीच्या वाफ्याला वापरू नका.

बांधावरचं झाड याच दिवसांत तोडायचं मनात असेल तर आधी परवानगी काढा. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाच्या अनुसूचीत साग, खैर, चंदन यांच्यासोबत आंबा, चिंच, फणस, जांभूळ, मोह, हिरडाही आहेत, आणि झाड स्वतःच्या मालकीचं असलं तरी हा नियम लागू होतो. वाहतुकीचा परवाना लागतो का हे वन परिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या, गाडी भरल्यावर नव्हे.

श्रेडरवर काम करताना उपरणं, पदर, सैल बाह्या नकोत. ट्रॅक्टरच्या फिरत्या शाफ्टवर झाकण नसेल तर यंत्र परत पाठवा. पातं अडकलं तर ट्रॅक्टर बंद करूनच हात घाला.

खत तयार झालं की त्याला ओल्या मातीचा वास येतो आणि ढीग उलटला तरी पुन्हा तापत नाही. खात्रीसाठी कुंडीत थोडं खत घेऊन मूग टाकून बघा, नीट उगवले तर वापरायला हरकत नाही. चाळणीवर उरलेले जाड तुकडे फेकू नका, पुढच्या ढिगात घाला. कुजवणारी बुरशी त्यांच्यावर आधीच चढलेली असते.