व्हॅक्यूम सीलर वापरताना या चुका टाळा

पुण्यातल्या बऱ्याच घरांत आता व्हॅक्यूम सीलर येऊ लागला आहे. उन्हाळ्यात वर्षाची डाळ-तांदूळ भरणारे, हिवाळ्यात मटार स्वस्त झाला की तो सोलून साठवणारे आणि बाहेरगावी शिकणाऱ्या मुलांना खाऊ पाठवणारे, अशा सर्वांनाच हे यंत्र उपयोगी पडते. मात्र हवा काढली की पदार्थ आपोआप टिकाऊ होतो, असा एक गैरसमज त्याच्यासोबत घरात येतो. घरगुती यंत्र पिशवीतली बरीचशी हवा ओढून घेते आणि तोंड उष्णतेने चिकटवते. त्यापलीकडे ते काही करत नाही. हवा कमी झाल्यामुळे दाण्याचा कूट, तीळ, खोबरे असे तेलकट पदार्थ उशिरा खवट होतात, बुरशीला आळा बसतो आणि फ्रीजरमधला पदार्थ कोरडा पडून पांढरट होत नाही. परंतु पदार्थातले जंतू आणि ओलावा जसेच्या तसे राहतात, आणि खाली सांगितलेल्या गंभीर चुका या एका गोष्टीचा विसर पडल्यामुळे होतात.

ओला पदार्थ सील करून बाहेर ठेवणे

ही सर्वांत धोकादायक चूक असल्यामुळे तिच्याबद्दल सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. पुरणपोळी, उकडलेली कडधान्ये, शिजवलेली भाजी किंवा आमटी पिशवीत बंद करून कपाटात ठेवली जाते किंवा कुरिअरने पाठवली जाते, आणि पिशवी घट्ट बसलेली दिसते म्हणून सर्वजण निश्चिंत असतात. अन्न नासवणाऱ्या नेहमीच्या जंतूंपैकी आणि बुरशींपैकी अनेकांना हवा लागते. पिशवीत त्यांची वाढ मंदावते आणि त्यामुळे आंबूस वास किंवा बुरशीचा थर ही आपल्या ओळखीची धोक्याची खूण दिसत नाही. याउलट क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जंतू हवा नसलेल्या जागीच वाढतो. त्याचे बीजाणू, म्हणजे कठीण कवचातली सुप्त रूपे, मातीत सर्वत्र असतात आणि साध्या उकळीने मरत नाहीत. पदार्थ ओलसर असेल, आंबट नसेल (सामू, म्हणजे पीएच, 4.6 च्या वर असेल) आणि तो घरातल्या तापमानाला राहिला, तर या बीजाणूंपासून वाढणारे जंतू जे विष तयार करतात ते मज्जासंस्थेवर आघात करते आणि जीवघेणे ठरू शकते. अशा वेळी पिशवी फुगेलच किंवा पदार्थाला वास येईलच, असे नाही.

दुकानात तयार भाज्यांची पाकिटे महिनोन्‌महिने फळीवर राहतात, मग घरची का राहू नये, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. ती पाकिटे बंद केल्यानंतर दाबाखाली 121 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलेली असतात आणि त्यासाठी लागणारा वेळ प्रत्येक पदार्थानुसार तपासून ठरवलेला असतो. घरच्या यंत्रात यातले काहीही होत नाही. पदार्थ कुकरमध्ये शिजवून नंतर पिशवीत भरला तरी भरताना, डाव-चमच्याला लागून आणि हवेतून जंतू पुन्हा आत जातातच.

म्हणून शिजवलेला ओला पदार्थ सील केल्यावर त्याची जागा फ्रीजमध्ये किंवा फ्रीजरमध्येच आहे. फ्रीजचे तापमान 4 अंश किंवा त्याहून कमी असावे आणि पदार्थ तीन-चार दिवसांत संपवावा, कारण लिस्टेरियासारखे जंतू थंडीतही आणि हवेशिवायही हळूहळू वाढतात. जास्त दिवस ठेवायचे असेल तर उणे 18 अंशांचा फ्रीजर हाच मार्ग आहे. सोललेला लसूण आणि कच्चे मशरूम यांच्याबाबत विशेष जपावे. आठवड्याचा लसूण एकदम सोलून, त्यावर तेल घालून, हवा काढून ओट्यावर ठेवणे सोयीचे वाटते, पण बोट्युलिनमला नेमकी हीच परिस्थिती हवी असते. तो लसूण लहान पिशव्यांत भरून थेट फ्रीजरमध्ये ठेवावा.

मुलांना खाऊ पाठवायचाच असेल तर भाजणी, मेतकूट, जवसाची किंवा कारळ्याची कोरडी चटणी, तुपात नीट भाजलेल्या बेसनाचे लाडू असे पदार्थ निवडावेत. त्यांत पाणी जवळजवळ नसते आणि हवा काढल्याचा खरा लाभ त्यांना मिळतो. पुरणपोळी पाठवू नये, हे लिहिताना वाईट वाटते, पण लिहिणे भाग आहे.

सील सुटते किंवा पिशवी दुसऱ्या दिवशी सैल होते

तक्रारींमध्ये ही सर्वांत नेहमीची आहे. सील झाल्यावर पिशवीचे तोंड खिडकीच्या उजेडात धरून पाहावे. चांगले सील एकसंध, पारदर्शक पट्टीसारखे दिसते आणि त्यात पिशवीची खडबडीत नक्षी वितळून गेलेली असते. पट्टी मध्येच दुधट दिसत असेल, तिच्यात बारीक बुडबुडे असतील किंवा एखादी सुरकुती दोऱ्यासारखी आडवी गेलेली असेल, तर हवा तिथूनच आत शिरणार आहे.

दुधट पट्टीचे कारण बहुतेक वेळा ओलावा किंवा तेल असते. यंत्र हवा ओढताना रस्साही ओढते, तो तोंडाशी येतो आणि प्लॅस्टिक चिकटण्याऐवजी पाण्याची वाफ होते. यासाठी भरताना पिशवीचे तोंड बाहेरच्या बाजूला चार बोटे दुमडून घ्यावे, म्हणजे चिकटायची जागा कोरडी राहते, आणि पदार्थाच्या वर किमान सात-आठ सेंटिमीटर जागा मोकळी सोडावी. आमरस, आमटी, मॅरिनेट केलेले चिकन हे पदार्थ आधी डब्यात गोठवून मगच पिशवीत घालावेत. सुरकुती पडत असेल तर पिशवी दोन्ही हातांनी हलकी ताणून यंत्राच्या तापणाऱ्या पट्टीवर ठेवावी. पहिल्या सीलच्या बाहेर अर्ध्या सेंटिमीटरवर दुसरे सील मारणे ही चांगली सवय आहे.

सलग पिशव्या सील केल्यास पट्टी जास्त तापते आणि प्लॅस्टिक जाळून पातळ करते. दोन पिशव्यांच्या मध्ये अर्धा-एक मिनिट थांबावे. गरम पदार्थ तर सील करूच नये, कारण वाफ आत पंपापर्यंत जाते. मात्र गार करायचे म्हणून पातेले रात्रभर ओट्यावर ठेवू नये. पसरट ताटात काढून दोन तासांच्या आत ते फ्रीजमध्ये जायला हवे.

सील व्यवस्थित असूनही पिशवी सैल होत असेल तर ती पाण्यात बुडवून दाबावी. बुडबुडे जिथून येतील तिथे भोक आहे. सुक्या मिरचीचे देठ, दालचिनी, कुरडया आणि माशांचे काटे पिशवी सहज भोसकतात. अशा वस्तू आधी जाड कागदात गुंडाळाव्यात. भोक नाही, सील चांगले आहे आणि तरीही ओल्या पदार्थाची पिशवी फुगली आहे, तर आत वायू तयार होत आहे. ती न चाखता टाकून द्यावी.

यंत्र हवा ओढतच नाही

आधी पिशवी तपासावी. घरगुती यंत्रांना आतून खडबडीत नक्षी असलेल्या पिशव्या लागतात, कारण हवा त्या नक्षीच्या फटींतून बाहेर पडते. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत पॅकिंगचे सामान मिळते, पण स्वस्त पडतात म्हणून गुळगुळीत पिशव्या आणल्या तर दोन्ही पदर एकमेकांना चिकटून वाट बंद होते. त्या पिशव्या व्यावसायिक चेंबर यंत्रांसाठी असतात.

पिशवी योग्य असेल तर झाकणाच्या कडेची मऊ रबरी गॅस्केट पाहावी. तिच्यावर पिठाचा किंवा मसाल्याचा एक कण राहिला तरी झाकण हवाबंद बसत नाही. ओल्या फडक्याने पुसून ती पूर्ण वाळू द्यावी. यंत्र ठेवून देताना झाकण घट्ट लावू नये. गॅस्केट सतत दबून चपटी होते आणि काही महिन्यांत ओढ कमी होते. पीठ, मेतकूट, हळद भरताना वर कागदी नॅपकिनची घडी ठेवावी, म्हणजे भुकटी पंपात जात नाही.

भाज्या आणि धान्य

मटार सोलून तसाच सील केला तर फ्रीजरमध्येही त्याच्यातल्या विकरांचे (एन्झाइम्सचे) काम चालू राहते आणि काही आठवड्यांत रंग व गोडी उतरते. उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटे टाकून लगेच बर्फाच्या पाण्यात घालावा, कापडावर पूर्ण कोरडा करावा, ताटात पसरून गोठवावा आणि मग सील करावा. फ्लॉवरला तीन मिनिटे पुरतात. फ्लॉवर आणि कोबी कच्चे असताना वायू सोडतात, त्यामुळे कच्चे सील केले तर पिशवी फुगते. इडलीचे आंबलेले पीठही त्याच कारणाने सील करू नये.

मार्केट यार्डाच्या भुसार बाजारातून आणलेले धान्य पावसाळ्यापूर्वीच, ऊन देऊन आणि पूर्ण गार झाल्यावर भरावे. जुलैच्या दमट हवेत भरलेले धान्य आपला ओलावा पिशवीत बंद करून घेते. किडीची अंडी दाण्यात असू शकतात. शक्य असेल तर सील केलेली पिशवी चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवून, न उघडता बाहेर काढावी आणि बाहेरचे पाणी पुसून डब्यात ठेवावी. चिवडा, बाकरवडी, पापड यांचा चुरा होतो. ते काचेच्या बरणीत भरावेत आणि बरणीतली हवा ओढण्यासाठी यंत्राला जोडायचे झाकण वापरावे.

पिशवी उघडताना

गोठवलेला पदार्थ ओट्यावर न ठेवता फ्रीजमध्येच वितळू द्यावा. देखभालीच्या कामासाठी वीज काही तास जाणार असेल, तर त्या दिवशी फ्रीजर उघडूच नये. भरलेला फ्रीजर बंद ठेवल्यास साधारण दोन दिवस आणि अर्धा भरलेला एक दिवस गोठलेला राहतो. मासे मात्र वितळायला ठेवण्यापूर्वीच पिशवी कापून उघडावी, कारण समुद्री माशांत आढळणारा बोट्युलिनमचा एक प्रकार हवा नसताना 3 अंशांच्या वरही वाढू शकतो आणि आपले फ्रीज बहुधा त्याहून उबदार असतात. कच्चे मांस किंवा मासे ठेवलेली पिशवी धुऊन पुन्हा वापरू नये. कोरड्या डाळीची पिशवी कडेला कापून, लहान करून, दोन-तीनदा वापरायला हरकत नाही.