जुनी, मोठ्या इंजिनाची एस्टेट: घेताना आणि सांभाळताना

एस्टेट म्हणजे छत मागेपर्यंत लांबवून मोठी डिकी केलेली गाडी. अशी गाडी बघायला जाल तेव्हा ती थंड असली पाहिजे. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा, मी येईपर्यंत चालू करू नका. पोचलात की आधी बॉनेटवर तळहात ठेवा. कोमट लागला तर सरळ दुसऱ्या दिवशीची वेळ मागून घ्या. मोठ्या पेट्रोल इंजिनाचं दुखणं पहिल्या अर्ध्या मिनिटात ऐकू येतं आणि गरम झालं की तेच इंजिन लोण्यासारखं चालतं. टायमिंग चेनची, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणाऱ्या साखळीची, खळखळ ऐकू आली तर मी पुढे बोलणीच करत नाही. ऑडीच्या बी6 पिढीतल्या एस4 अवांतमधल्या (अवांत म्हणजे ऑडीची एस्टेट) 4.2 लिटर व्ही8 ची चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. तिथवर हात पोचायला इंजिनच उतरवावं लागतं.

कोणत्या इंजिनाला काय लागतं, हे घेण्याआधी वाचून ठेवा. मर्सिडीजच्या ई55 एएमजीत आठ सिलिंडर आणि प्रत्येकाला दोन स्पार्क प्लग, म्हणजे एकूण 16. बीएमडब्ल्यूच्या ई61 एम5 टूरिंगचं (टूरिंग म्हणजे बीएमडब्ल्यूची एस्टेट) व्ही10 507 हॉर्सपॉवरचं, पण त्याचे कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजतात, हे ती गाडी बाळगणारा प्रत्येक जण जाणतो. ऑडीच्या बी7 आरएस4 मध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं, इनटेक व्हॉल्व्ह त्याने धुतले जात नाहीत, म्हणून त्यांच्यावर काजळी साचते. ती काढायला अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या दाबाने मारतात.

माझी एस्टेट आठ सिलिंडरची आहे, सहा वर्षं झाली माझ्याकडे येऊन. तिला जपायचं म्हणजे मुख्यतः तेल जपायचं. पाण्याचा काटा 90 वर स्थिरावला तरी तेल अजून मागेच असतं. तेल 80 अंशांच्या पुढे गेल्याशिवाय मी 3,000 आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) ओलांडत नाही, मग मागून कोणी कितीही हॉर्न वाजवो. जवळच्या कामाला ही गाडी काढतच नाही. पाच-दहा मिनिटांच्या फेरीत तेल तापत नाही आणि त्यात पाणी नि पेट्रोल मुरत राहतं. दर 8,000 किलोमीटरला तेल बदलतो. जुना फिल्टर फेकायच्या आधी कापतो, कागदाच्या घड्या पांढऱ्या फडक्यावर उलगडतो आणि उन्हात तिरप्या धरून बघतो. बारीक काळपट गाळ चालतो. तांब्याच्या रंगाचा कण चमकला, म्हणजे बेअरिंग झिजत असल्याची शंका, की गाडी तिथेच थांबवायची आणि ऑइल पॅन उघडायचा.

एस्टेटची स्वतःची एक भानगड असते, मागचं एअर सस्पेन्शन. डिकीत सामान भरलं तरी मागची बाजू समतल राहावी म्हणून अनेक गाड्यांत रबराच्या हवेच्या पिशव्या असतात. रबर जुनं झालं की बारीक तडा जातो. माझी गाडी सकाळी मागे बसलेली दिसायची, चालू केली की वर यायची, म्हणून मी दोन महिने लक्षच दिलं नाही. गळती भरून काढता काढता पिशव्यांत हवा भरणारा कंप्रेसर जळाला, आणि एका पिशवीचं काम तीन भागांवर गेलं. आता महिन्यातून एकदा रात्री चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत टेपने मोजतो, सकाळी पुन्हा मोजतो. फरक दिसला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते बघा.

टायर चारही एकाच बनावटीचे घ्या. बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. भरपूर नक्षी शिल्लक असलेला पण कडक झालेला टायर एवढी ताकद ओल्या रस्त्यावर पेलत नाही. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी बदला, कारण ही गाडी जड आहे आणि वेगात ती थांबवायला तेच लागतं.

आणि एक वही ठेवा. मी तेलाची भर घातली की किलोमीटर आणि मिलिलिटर लिहितो. गेली तीन वर्षं 2,000 किलोमीटरला अर्धा लिटर, तेवढंच. हा आकडा ज्या महिन्यात चढेल, त्या महिन्यात प्लग काढून बघणार.