एनर्जी ड्रिंकमधलं टॉरीन: या चुका टाळा

परीक्षा जवळ आली की अभ्यासिकेबाहेरच्या टपरीवर एनर्जी ड्रिंक हातोहात खपतं. का पिता, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "यात टॉरीन असतं, त्याने तरतरी येते." पहिली चूक इथेच होते. तरतरी आणतं ते कॅफिन. टॉरीन हे अमिनो आम्लासारखं द्रव्य आपलं शरीर स्वतःच बनवतं, शिवाय मासे-मटणातूनही ते मिळतं. निरोगी प्रौढाला ते वरून घ्यायची सहसा गरज पडत नाही.

टॉरीन बैलापासून काढतात, ही भीतीही सोडा. १८२७ मध्ये ते बैलाच्या पित्तात पहिल्यांदा सापडलं हे खरं, पण पेयात घालतात ते कारखान्यात रासायनिक पद्धतीने तयार केलेलं असतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे लेबल अर्धवट वाचणं. आकडे बहुधा १०० मिलीचे असतात आणि आपण रिचवतो अख्खा २५० मिलीचा कॅन. लेबलवर कॅफिन ३० मिग्रॅ दिसलं तर पोटात ७५ जातं, साखर ११ ग्रॅम दिसली तर साडेसत्तावीस, आणि ०.४ टक्के टॉरीन म्हणजे पूर्ण एक ग्रॅम. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार अशा पेयात लिटरमागे ३०० मिग्रॅपेक्षा जास्त कॅफिन चालत नाही. दिवसाला ५०० मिलीच्या वर पिऊ नये आणि मुलांनी, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायकांनी पिऊ नये, हा इशाराही कॅनवरच असतो, बारीक अक्षरांत. तो वाचाच.

मग टॉरीन निर्दोष का? युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००९ मध्ये पेयांतल्या प्रमाणात ते धोक्याचं नसल्याचं म्हटलं. पण २०१९ च्या एका अमेरिकी अभ्यासात ३४ निरोगी तरुणांना तासाभरात जवळपास एक लिटर एनर्जी ड्रिंक दिलं, तेव्हा ईसीजीतलं क्यूटी अंतर, म्हणजे एका ठोक्यानंतर हृदयाला पुढच्यासाठी तयार व्हायला लागणारा वेळ, वाढलं; ते फार वाढलं तर ठोक्यांची लय बिघडू शकते. तेवढ्या कॅफिनने एकट्याने असं होणं अपेक्षित नव्हतं. कोणत्या घटकामुळे झालं ते ठरलेलं नाही, म्हणून मला या मिश्रणाचीच काळजी वाटते.

जिममधली पोरं वर्कआउटआधी पावडरचा स्कूप घेतात आणि वर एक कॅन. पावडरीतल्या बीटा-अलानीन या अमिनो आम्लामुळे अंगाला मुंग्या येतात, त्या सहसा निरुपद्रवी असतात. पण त्याच स्कूपमध्ये कॅफिनही असतं, त्याची बेरीज कुणी करत नाही. अशा पावडरींत असणाऱ्या आर्जिनीन या दुसऱ्या अमिनो आम्लाच्या बाबतीत जास्त सावध राहा. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांना ते दिलं होतं. त्या गटात ६ मृत्यू झाले, ते न दिलेल्या गटात एकही नाही, आणि चाचणी थांबवावी लागली. पार्किन्सनसाठी लेव्होडोपा घेणाऱ्यांनीही अमिनो आम्लांच्या पावडरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, कारण त्या औषधाच्या शोषणात अडथळा आणतात.

झोप लागत नसेल तर वेळ तपासा. कॅफिन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे रात्री नऊला प्यायलात तर दोन वाजता निम्मं अंगात असतंच. दारूत तर हे पेय मिसळूच नका. नशा चढलेली कळत नाही आणि माणूस पीत राहतो.

छाती धडधडायला लागली तर पिणं थांबवा, बसून राहा, वर चहा-कॉफी घेऊ नका. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा शुद्ध हरपली तर लगेच १०८ ला फोन करा आणि रिकामा कॅन, पावडरीचा डबा सोबत न्या, म्हणजे पोटात काय गेलंय ते डॉक्टरांना कळेल.