‘हितंच हाय’वर विसंबू नका: पोरांना घेऊन पन्हाळ्याच्या वाटेला लागताना या चुका टाळा

कोल्हापुरात पोरांची मोहीम ठरवायला बसलं की दहा मिनिटांत गाडी पन्हाळा–पावनखिंडीवर येते. आणि कुणीतरी म्हणतंच, “महाराज एका रात्रीत गेले, आपल्याला दोन दिवस कशाला लागतात?” आमच्या तालमीत हे वाक्य ज्याने टाकलं, तो मीच. पहिल्या वर्षी चौतीस पोरं-पोरी, सातवी ते अकरावीतली, आणि मोठी माणसं फक्त चार. संध्याकाळी पाचला मुक्कामाच्या वाडीत पोचायचं ठरलं होतं. पोचलो रात्री पावणेनऊला आणि शेवटची दोन पोरं त्यानंतर पाऊण तासाने.

१२ जुलै १६६०च्या रात्री पन्हाळ्यावरून निघालेले ते निवडक मावळे होते, डोंगरात वाढलेले. आमच्यातल्या सातवीच्या एका पोराची आजवरची सगळ्यात मोठी पायपीट म्हणजे रंकाळ्याला एक फेरी. त्या रात्री जे बिनसलं, ते सगळं इथूनच सुरू झालं. आखणी आम्ही आमच्या पायांनी केली आणि चालायला लावलं त्याला.

वेळेचं गणित उलटं मांडा

विल्यम नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२मध्ये एक ढोबळ हिशेब मांडला. तासाला साधारण पाच किलोमीटर धरायचे आणि दर सहाशे मीटर चढाईला एक तास वाढवायचा. त्याप्रमाणे सोळा किलोमीटर आणि एकूण सहाशे मीटर चढ म्हणजे सव्वाचार तास. पण हा हिशेब धडधाकट माणसाच्या न थांबता चालण्याचा आहे. तीस पोरांच्या रांगेत एकाची नाडी सुटते, एकीला लघवीला जायचं असतं, तिघांना करवंदाच्या जाळीत काहीतरी हललेलं दिसतं. सगळ्यांना धरून तासाला अडीच किलोमीटर पडतात. सोळा किलोमीटरला साडेसहा तास आणि जेवणाचा एक, म्हणजे साडेसात.

आता मागून मोजा. नोव्हेंबरअखेर आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि साडेसहाला मिट्ट काळोख होतो. तंबू लावायला, पाणी भरायला, चूल पेटवायला दोन तास उजेड हवा. म्हणजे चारला मुक्कामी, आणि त्यासाठी सकाळी आठला पाऊल वाटेवर. ‘आठला तालमीसमोर जमायचं’ असं ठरवलं तर चालायला दहा वाजतात, हा आमचा अनुभव. जमायची वेळ साडेपाच ठेवा.

पहिल्यांदाच जाणाऱ्या गटाला पावनखिंडीपर्यंतचे पन्नासेक किलोमीटर दाखवूच नका. पन्हाळ्यावरून राजदिंडी नावाच्या वाटेने उतरायचं, म्हाळुंगे गावाच्या बाजूने मसाई पठारावर चढायचं, पठार ओलांडून पलीकडच्या एखाद्या वाडीत मुक्काम, एवढं पुष्कळ झालं. करपेवाडीचा मुक्काम जुलैतल्या मोहिमांमुळे सगळ्यांना माहीत असतो, म्हणून तिथेच जायचा हट्ट होतो. नवख्या पोरांना ते एका दिवसात झेपत नाही.

आणि जुलैत तर नकोच. चिखलात बूट रुततात, जळवा लागतात, सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी कमरेला लागतो. तेराव्या वर्षी पहिली वाट ही नसावी. नोव्हेंबर ते जानेवारी बरं.

वाट आधी चालून या

मोबाइलमधल्या नकाशावर रेघ ओढून अंतर काढणं ही दुसरी चूक. डोंगरातली वाट रेघेसारखी जात नाही. तिसरी चूक वाटेत भेटणाऱ्या मामांवर सोडून देणं. त्यांचा स्वभाव चांगला असतो, हीच अडचण आहे. “मामा, वाडी किती लांब?” “हितंच हाय की, ह्यो टेक वलांडला की आलीच.” मामांचा एक टेक म्हणजे आपल्या पोरांचा दीड तास. अंतर विचारूच नका. “तुम्ही तिथनं इथवर यायला कधी निघाला होता?” असं विचारा आणि त्यांना लागलेल्या वेळाची दुप्पट करा.

जायच्या आधी पंधरा दिवसांच्या आत दोघांनी ती वाट पूर्ण चालून यायची. गेल्या वर्षी आलो होतो, हे चालत नाही. भाताची कापणी झाली की पायवाटा बदलतात, नवं कुंपण पडतं, झरा आटतो. त्याच फेरीत तीन कामं उरका: मुक्कामाच्या गावच्या सरपंचांना आणि पोलीस पाटलांना भेटणं, शाळेचा किंवा देवळाचा आसरा अडीअडचणीला मिळेल का विचारणं, आणि गाडीरस्ता कुठे कुठे आडवा येतो ते बघणं. तिथे ठरलेल्या वेळी एक वडाप, म्हणजे भाड्याची जीप, उभी असली की मोडलेला पोरगा बसवून पाठवता येतो. मसाई पठार संवर्धन राखीव क्षेत्र आहे, त्यामुळे पठारावर राहायचा विचार असेल तर वन विभागाला आधी विचारा. आम्ही तिथे राहतच नाही, त्याचं कारण पुढे येतं.

उशीर झालाच तर? दुपारी एकला अर्धी वाट झालेली नसली तर पुढे ढकलू नका. जो गाडीरस्ता जवळ असेल तिथे उतरा आणि वडाप बोलवा. हा निर्णय कोण घेणार, ते आदल्या रात्री ठरलेलं असावं, कारण त्या वेळी चार मोठ्या माणसांची पाच मतं असतात. आमची होती.

रांगेचं शेपूट

पुढे चालणारा जोरात असतो, त्याला कौतुक हवं असतं. सगळ्यात अनुभवी माणूस मात्र सगळ्यात मागे पाहिजे, आणि त्याच्या मागे एकही पोर राहता कामा नये. हळू चालणाऱ्यांना पुढच्याच्या पाठीशी लावा, रांग त्यांच्या चालीने चालेल. तगड्या पोरांना भांडी उचलायला द्या, आपोआप दमतात.

मोजणीसाठी प्रत्येकाला नंबर. दर थांब्याला एकापासून नंबर म्हणत जायचं. ‘सगळे आलेत ना?’ या प्रश्नाला नेहमी ‘होऽऽ’ असंच उत्तर येतं, अगदी दोघं मागे राहिले असले तरी. आमचे ते दोघे असेच राहिले. एकाच्या चपलेचा अंगठा तुटला होता. कोल्हापुरी पायात घालून आला होता, नवी कोरी, बापाने दिवाळीला घेतलेली. चप्पल घरीच ठेवायची आणि नवे बूटही आधी पंधरा दिवस शाळेला घालायचे. टाच हुळहुळायला लागली की तिथेच थांबून चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर लावलेल्या पट्टीचा उपयोग निम्माच होतो.

पाणी: पठार दिसतं हिरवं, असतं कोरडं

मसाई पठार जांभ्याचं. पावसाळ्यात वर डबकी साचतात, सप्टेंबरात फुलं येतात, फोटो बघून वाटतं पाणी काय, कुठेही मिळेल. जांभा सच्छिद्र असतो, वरचं पाणी खाली झिरपतं आणि पठाराच्या कडेला, पायथ्याशी झऱ्यांतून बाहेर येतं. म्हणून वाड्या पायथ्याशी वसल्यात आणि म्हणूनच मुक्कामही खाली करावा. वर सावलीही नाही. दुपारी बारा ते दोन पोरं पठारावर असतील तर प्रत्येकाजवळ चढतानाच दोन लिटर भरलेलं असू द्या. दिवसाचं एकूण तीन लिटर धरा.

झऱ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी उकळा, किंवा मेडिक्लोरसारखं औषध बाटलीवर लिहिलेल्या मापाने टाकून अर्धा तास थांबा. गढूळ असेल तर आधी फडक्याने गाळा, कारण गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही.

पोरगं गप्प झालं, चिडचिड करायला लागलं, डोकं दुखतंय म्हणालं तर ते लाडात आलंय असं समजू नका. सावलीत बसवा आणि एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजा. चमचा चहाचा. अंग तापलंय आणि असंबद्ध बोलतोय, असं झालं तर मात्र अंगावर पाणी ओतत, वारा घालत १०८ला फोन करा आणि गाडीरस्त्याकडे निघा.

तांबडा-पांढऱ्याचा मोह

हे लिहिताना हात थोडा जड होतो, पण मुक्कामाला मटण करू नका. आम्ही केलं. अडतीस जणांचं मटण, ओली लाकडं, बॅटरीच्या उजेडात चिरलेला कांदा. साडेअकराला रस्सा तयार झाला तेव्हा बारा पोरं उपाशी झोपली होती, आणि उरलेल्यांनी इतकं खाल्लं की सकाळी चढ चढवेना. शिवाय दिवसभर पाठीवरच्या पिशवीत उन्हात फिरलेलं मटण होतं ते. कुणाला काही झालं नाही, हे नशीब.

मुगाची खिचडी करा. माणशी शंभर ते सव्वाशे ग्रॅम तांदूळ, चाळीस ग्रॅम डाळ, वर तूप, पापड, खर्डा. पाऊण तासात पानं वाढून होतात. चूल लावलीच तर ओढ्यातले दगड घेऊ नका. आत पाणी मुरलेला दगड तापला की फुटतो, कपच्या उडतात. त्यापेक्षा पाच किलोचा सिलिंडर वडापमधून आधीच पाठवा. हिवाळ्यात गवत वाळलेलं असतं, एक ठिणगी आणि डोंगर पेटतो. शेकोटी गावकऱ्यांनी दाखवलेल्या मोकळ्या जागेतच करा आणि झोपण्याआधी राखेत हात घालता येईल इतकी विझवा.

रात्र

ओढ्याच्या काठची सपाट जागा फार मोहात पाडते. तिथेच रात्री थंड हवा उतरून साचते आणि दवाने तंबू निथळतात. थोडी उंचावरची जागा निवडा. पोरं अंगावर तीन पांघरुणं घेतात आणि खाली एक पातळ चादर. थंडी जमिनीतून चढते. खाली घोंगडं टाका, वर एक रजई पुरते.

आग्या मोहोळाच्या कड्याखाली बसायचं नाही, धूर करायचा नाही, सेंटचे फवारे मारायचे नाहीत. गवा दिसला तर थांबायचं, आवाज न करता मागे सरकायचं आणि त्याला वाट द्यायची. व्हिडिओ नको.

सापासाठी एवढंच पाठ असू द्या: घोणस, नाग, मण्यार, फुरसं यांतलं नेमकं काय होतं ते शोधत बसायचं नाही. चावलेला हात-पाय काठी बांधून हलणार नाही असा ठेवायचा, पेशंटला चालू द्यायचं नाही. आवळून बांधणं, चिरणं, चोखणं, देवऋषी, काहीही नाही. १०८. वाटेतल्या कोणत्या आरोग्य केंद्रात सापाच्या विषावरची लस आहे, ते निघण्याआधी फोन करून विचारून ठेवा. नसेल तर थेट कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय. बॅटरीशिवाय रात्री तंबूबाहेर पाय ठेवायचा नाही आणि सकाळी बूट झटकूनच घालायचे.

पोरी असतील तर किमान दोन मोठ्या बायका बरोबर हव्यात. एक पुरत नाही, कारण एकीला एखाद्या पोरीबरोबर परत जावं लागलं तर मागे कुणीच उरत नाही. पालकांचं लेखी संमतीपत्र, औषधं आणि ॲलर्जीची यादी कागदावर ठेवा. मोबाइलमध्ये ठेवली तर पठाराच्या पलीकडे बॅटरी संपते, आणि रेंज त्याच्याही आधी.

परतीची वेळ घरच्यांना दोन तास वाढवून सांगा. चारला पोचणार असाल तर सहा म्हणा. आम्ही चार सांगितलं होतं. सव्वापाचला रेंज आली तेव्हा माझ्या फोनवर एकोणचाळीस मिस्ड कॉल होते आणि तालमीच्या दारात आयांची गर्दी. त्यात माझी आईही होती.