बोडीतली मरळ काढण्याआधी

जाळं पाण्यात पडण्याआधी एकच गोष्ट पक्की ठरलेली हवी, आज परत काय सोडायचं. काय काढायचं ते ठरवायला वेगळा माणूस लागत नाही, पाळीवर उभे असलेले दहा जण ते ओरडून सांगतात. दीड किलोची मरळ वर आली की हात आपोआप तिच्याकडे जातो आणि बोडीचं, म्हणजे शेतातल्या छोट्या तळ्याचं, गणित तिथेच बिघडतं. मोठी मरळ लहान मरळींना खाते. ती गेली की पुढच्या पावसातली पिल्लं जास्त वाचतात, सगळी एकाच खाण्यावर तुटून पडतात, आणि मग निघतात त्या डोकं मोठं, पोट खपाटीला अशा वीतभर मरळी. अमेरिकेतल्या शेततळ्यांत बास नावाचा असाच शिकारी मासा पाळतात. तिथेही दाटी झाली की फूटभराच्या आतला बास भराभर काढून खातात आणि मोठ्याला राहू देतात.

म्हणून आधी घरात बसून ठरवा, बोडी कशासाठी आहे? कटला, रोहू, मिरगल वाढवायचे असतील तर निवडून काढण्याच्या भानगडीत पडूच नका, मरळ दिसेल तेवढी काढा. हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, प्रत्येक बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लू, विकत आणलेलं असतं, आणि मरळीला ते आयतंच मिळतं. तिलापिया शिरला असेल तर उलट, थोड्या मरळी हव्याच, नाहीतर तो इतका पिलावतो की तळहाताएवढाही होत नाही. मरळच विकायची असेल तर बोडीत बारीक मासळी, झिंगे, बेडूक किती आहेत ते बघा. काठाला बारीक जाळीचा तुकडा फिरवला आणि मूठभरही निघालं नाही, तर दाटी झाली समजा. आणि हे सगळं स्वतःच्या बोडीपुरतं. मामा तलावात, म्हणजे माजी मालगुजारी तलावात, मासेमारीचा हक्क मच्छीमार सोसायटीचा असेल तर त्यांना विचारल्याशिवाय गळही टाकायचा नाही.

वेळ धान निघाल्यापासून होळीपर्यंतची. पाणी उतरलेलं असतं, पण तापलेलं नसतं. मे महिन्यात हाताळून परत सोडलेली मरळ जगेल याचा भरवसा नाही. पावसाळ्यात गळ टाकू नका, नर-मादी पिल्लं राखत असतात. काठच्या गवताजवळ तांबूस पिल्लांचा घोळका आधणासारखा खदखदताना दिसतो, त्याच्याखाली आई-बाप असतात. त्यांना उचललं की घोळक्याचा फडशा पडतो. दाटी फारच झाली असेल तर मात्र मच्छरदाणीच्या कापडाने घोळकाच गाळून घ्या, मोठ्यांना हात लावू नका. यापेक्षा स्वस्त उपाय मला तरी माहीत नाही.

जाळं टाकणाऱ्या भावांशी दोन दिवस आधी बोलून घ्या, आणि मजुरी रोजावर ठरवा, वजनावर नाही. वजनावर ठरवली की मोठी मरळ परत सोडताना कोणाचाही हात जड होणारच, त्यात त्यांचा दोष नाही. "मोठी कायले सोडता जी?" हा प्रश्न येणारच, उत्तर तयार ठेवा. ओढजाळ्याची आस, म्हणजे भोक, लहान हवी, कारण काढायची आहे ती लहान मरळ. तरी मरळ चिखलात दडी मारते, जाळ्याखालून निसटते, म्हणून सोबत गळही असू द्या. प्लास्टिक अंथरलेल्या 30 बाय 30 मीटरच्या शेततळ्यात जाळ्याच्या लोखंडी गोळ्या चालणार नाहीत, कागद फाटतो.

आता मापाचं, आणि इथे आळस करू नका. एक फळी, तिच्यावर ठोकलेली पट्टी, ताणकाटा, ओलं पोतं, वही. हात ओले करून मासा फळीवर ठेवा आणि डोळ्यांवर पोत्याचा कोपरा टाका, तडफड कमी होते. तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत सेंटीमीटर मोजा. मग मासा अंगाने किती भरलाय ते कळायला ग्रॅममधल्या वजनाला 100 ने गुणा आणि लांबीच्या घनाने भागा. 30 सेंमीची मरळ 240 ग्रॅम भरली तर आकडा 0.89 येतो, 200 ग्रॅम भरली तर 0.74. पुस्तकातला आकडा शोधत बसू नका, तुमच्याच बोडीतल्या सारख्या लांबीच्या मरळी एकमेकींशी ताडून बघा. माझा हिशोब सरळ आहे. 25 ते 35 सेंमीच्या, त्यातही अंगाने बारीक, त्या आधी बाहेर. 45 च्या वरची परत पाण्यात. पाहुणे आलेच असतील तर एखादी मोठी घ्या, त्याने बोडी बुडत नाही.

त्या दिवशी पहाटे पाण्याकडे बघा. रोहू-कटला वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर जाळं गुंडाळून ठेवा, पाण्यात प्राणवायू कमी पडलाय. मरळीकडे बघून हे कळणार नाही, ती हवेतूनही श्वास घेते. त्यामुळेच जाळं गोळा करताना तिला पाण्याखाली दाबून ठेवू नका, वर यायला मिळालं नाही तर ती पाण्यातच गुदमरते.

मरळ जिवंत विकली तरच भाव. व्यापाऱ्याला आदल्या दिवशी फोन करा. ड्रममध्ये अंग बुडेल एवढंच पाणी आणि वरून जाळी बांधलेली, नाहीतर उडी मारून ती अंगणात.

वहीत काढलेल्या आणि सोडलेल्या दोन्हींच्या लांबी-वजनाची नोंद करा. सोडताना कात्रीने शेपटीच्या पराचा छोटा कोपरा कापा, म्हणजे पुढच्या खेपेला तीच मरळ पुन्हा आली का ते कळेल. पर परत वाढतो, तेव्हा ही खूण त्याच हंगामापुरती धरा.