आधी फलक बघा, प्रतीकं नंतर

उत्तर-मध्ययुगीन जर्मन भक्तिचित्रांकडे वळलेला आपल्याकडचा विद्यार्थी सहसा प्रतीकांची यादी पाठ करायला घेतो. लिली म्हणजे पावित्र्य, कोकरू म्हणजे ख्रिस्त, वगैरे. मी कोलोनला कलेतिहास शिकले, आणि नव्याने येणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की ती यादी थोडे दिवस बाजूला ठेवा. चित्र कशावर, कशाने आणि कोणासाठी केलंय हे आधी समजून घ्या. या चित्रांत अर्थ आणि कारागिरी वेगळी काढताच येत नाही.

एकच चित्र निवडा आणि पुन्हापुन्हा त्याच्याकडेच जा. कोलोनमध्ये असाल तर वालराफ-रिखार्ट्झ संग्रहालयातलं स्टेफन लोखनरचं ‘गुलाबांच्या मांडवातली मारिया’ घ्या. काळ साधारण १४४० ते १४४२, ओक लाकडाची फळी (अशा चित्राच्या फळीलाच फलक म्हणतात), आकार जेमतेम ५१ बाय ४० सेंटीमीटर. एवढ्या लहान आकारावरूनच कळतं की हे चित्र जवळ बसून, एकट्याने प्रार्थना करण्यासाठी असावं. मारिया, म्हणजे येशूची आई, सिंहासनावर नाही, जमिनीवर उशी घेऊन बसली आहे. ही नम्रतेची खूण. पण डोक्यावर रत्नजडित मुकुट आहे, म्हणजे ती स्वर्गाची राणीही आहे. तिच्या छातीवरच्या ब्रोचपाशी नजर स्थिर करा. त्यावर एक कुमारिका आणि युनिकॉर्न हा घोड्यासारखा काल्पनिक एकशिंगी प्राणी आहे. एकशिंगी फक्त कुमारिकेच्याच हाती लागतो अशी त्या काळची समजूत होती, म्हणून तो ख्रिस्ताच्या देहधारणाची, म्हणजे कुमारिकेच्या पोटी देवाने माणूस होऊन येण्याची, खूण झाला. खाली गवतात स्ट्रॉबेरीची रोपं आहेत. या रोपावर फूल आणि फळ एकाच वेळी असतं, त्यामुळे कौमार्य आणि मातृत्व एकत्र दाखवायला ते अगदी योग्य वाटलं.

आता सोनं. आल्प्सच्या उत्तरेकडे फळीवर खडूची भुकटी प्राणिज सरसात कालवून थरावर थर देत आणि घासून गुळगुळीत करत. जिथे सोनं लावायचं तिथे लाल चिकणमातीचा हात, त्यावर वर्ख, आणि तो अकीकाने किंवा जनावराच्या दाताने घोटायचा. वर्ख झिजलाय तिथे खालची लाल माती डोकावते. आकृतीच्या कडेला बारीक कोरलेली रेघही शोधा. रंग आणि सोन्याची हद्द आधीच आखून ठेवलेली असते. समोर सरळ उभं राहिलात तर घोटलेलं सोनं कधीकधी काळपट, मंद दिसतं. गुडघ्यावर बसा, थोडं डावी-उजवीकडे सरका, की ते एकदम पेटतं. मेणबत्तीच्या हलत्या उजेडात गुडघे टेकलेल्या माणसासाठीच ते घोटलेलं आहे. सोनं म्हणजे दैवी प्रकाश, हे वाक्य पुस्तकात वाचून असं उमजत नाही. मोबाइलच्या फोटोत तर ते निव्वळ तपकिरी येतं, म्हणून फोटोवर विसंबू नका.

भरजरी वस्त्रं दिसली की तिरक्या उजेडात बघा. पंधराव्या शतकात जर्मन कार्यशाळांत कथलाचा पातळ पत्रा कोरीव साच्यात दाबत, मागून खडूचं किंवा मेणाचं भरण करत, वर सोनं चढवून तुकडा चित्रावर चिकटवत. त्याच्या बारीक समांतर रेघा स्पष्ट दिसतात. निळ्यासाठी बहुतेकदा अझुराइट हे तांब्याचं खनिज वापरत. लाजवर्द हा निळा दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून यायचा, भयंकर महाग. अझुराइट जाड दळला तर गडद, बारीक दळला तर फिका.

इझेनहाइमच्या वेदीचित्रासाठी, म्हणजे चर्चच्या वेदीवरच्या, दारांसारखे मिटणारे-उघडणारे फलक असलेल्या चित्रासाठी, कोल्मारला जाच. शहर आज फ्रान्समध्ये आहे, पण चित्र माथियास ग्र्युनेवाल्डचं, १५१२ ते १५१६ या काळातलं. ते अँटोनाइट पंथाच्या मठासाठी केलं होतं आणि तिथे ‘संत अँथनीच्या आगी’च्या रुग्णांची शुश्रूषा व्हायची. हा रोग राय या धान्यावरच्या अरगट नावाच्या बुरशीने होई. बाजरीवरचा अरगट आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे, तो याच कुळातला. क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या हिरवट, व्रणांनी भरलेल्या देहासमोर ते रुग्ण येत, आणि आपलंच दुखणं देवाच्या अंगावर बघत. वेदीचित्राची दारं सणावारी उघडली की आत रंगांच्या झळाळीतला पुनरुत्थित ख्रिस्त. बंद आणि उघडं, दोन्ही स्थिती मिळूनच अर्थ पुरा होतो. संग्रहालयात फलक सुटे मांडलेत, तेव्हा दारं मिटण्या-उघडण्याचा क्रम मनात जुळवत फिरा.

व्यवहाराचं थोडक्यात. जर्मन भाषेला पर्याय नाही; संग्रहालयांच्या तपशीलवार सूच्या, तंत्रविषयक अहवाल बहुतांशी जर्मनमध्येच असतात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी-शुल्क नाही, फक्त सत्राची वर्गणी. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. हाताने काम करायची ओढ असेल तर कलेतिहासाऐवजी चित्रसंवर्धन घ्या. कोलोनच्याच तंत्रविद्यापीठात, टेहा कोलोनमध्ये, तो अभ्यासक्रम आहे. अवरक्त किरणांनी रंगाखालचं रेखाटन वाचणं, फळीच्या वर्षवलयांवरून काळ ठरवणं, हे त्या शाखेचं रोजचं काम. भारतातून तयारी करताना जर्मनीतल्या मारबुर्ग शहराचा ‘बिल्डइंडेक्स’ हा छायाचित्रसंग्रह इंटरनेटवर फुकट बघता येतो.

लोखनर ओळखीचा झाला की फ्रँकफर्टच्या श्टेडेल संग्रहालयात ‘नंदनवनाची छोटी बाग’ बघायला जा. साधारण १४१० ते १४२० मधलं, २६ बाय ३३ सेंटीमीटरचं. त्यात पक्षी आणि झाडं इतकी नेमकी आहेत की जात ओळखता येते. वही घेऊन जा, प्रत्येक रोपाचं रेखाटन करा आणि उजव्या कोपऱ्यात पाय वर करून मेलेला टीचभर ड्रॅगन दिसेपर्यंत हलू नका.