घरकुलाच्या यादीत एचआयव्हीबाधित कुटुंबाने प्राधान्य कसे मागावे

एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी आपल्याकडे केंद्र सरकारची स्वतंत्र घरकुल योजना नाही. जे आहे ते प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण)च्या मार्गदर्शक सूचनांमधील एका तरतुदीत आहे: ज्या कुटुंबात कुष्ठरोग किंवा कर्करोग झालेली अथवा एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती आहे, त्या कुटुंबाला ग्रामसभेने प्राधान्य द्यावे. ही तरतूद नेमकी कधी लागू होते याची चौकशी न करता ‘दाखला जोडा, घर मिळून जाईल’ असे सांगणारे हितचिंतक गावोगावी भेटतात. त्यांचे ऐकू नये.

आधार, आधारशी जोडलेले बँक खाते, रोजगार हमीचे जॉब कार्ड आणि जागेचा नमुना ८ (ग्रामपंचायतीचा मालमत्ता उतारा) हे कागद तयार ठेवावेत. स्वतःची जागा नसल्यास पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजनेचा अर्ज पंचायत समितीत मिळतो.

त्यानंतर आपले नाव यादीत आहे का, हे पाहावे. २०११ ची सामाजिक-आर्थिक जातगणना, २०१८ च्या सर्वेक्षणातून आलेली आणि गावात ‘ड यादी’ म्हणून ओळखली जाणारी यादी, किंवा २०२४ चे आवास प्लस सर्वेक्षण, यांपैकी कशातच नाव नसेल तर आजाराचा दाखला कितीही खरा असला तरी त्याचा उपयोग होत नाही, कारण आजारामुळे यादीत नवे नाव घातले जात नाही.

खरी अडचण इथून पुढे सुरू होते. यादीतील क्रम आधी घराच्या स्थितीवरून ठरतो: बेघर कुटुंबे अगोदर, मग कच्च्या खोल्यांच्या संख्येप्रमाणे बाकीची. त्यातही वंचिततेचे गुण असतात. घरात १६ ते ५९ वयाची प्रौढ व्यक्ती नसणे, अपंग सदस्य असून काम करू शकणारा दुसरा प्रौढ नसणे, भूमिहीन असून मजुरीवर पोट असणे, अशा बाबींवरून ते मिळतात. एकाच प्रवर्गातील दोन किंवा अधिक कुटुंबांचे गुण सारखे झाले, तरच आजाराचे प्राधान्य विचारात घेतले जाते. म्हणून माझा आग्रह असा की दाखल्याला हात लावण्यापूर्वी ग्रामपंचायतीतून किंवा पंचायत समितीच्या गृहनिर्माण अभियंत्याकडून आपले गुण आणि आपल्या मागच्या-पुढच्या कुटुंबांचे गुण विचारून घ्यावेत. गुणांची बरोबरी नसेल तर आजार उघड करून काहीही पदरात पडत नाही, आणि एकदा गावात पसरलेली गोष्ट परत घेता येत नाही. एका ग्रामसभेत हा दाखला माईकवरून वाचला गेल्याचे मी पाहिले आहे. त्या कुटुंबाचे गुण कुणाशीच बरोबरीत नव्हते, तेव्हा तो कागद तिथे येण्याचेच कारण नव्हते.

बरोबरी असेल तर मात्र मागे हटू नये. ए.आर.टी. केंद्रातील (एचआयव्हीची औषधे देणाऱ्या केंद्रातील) समुपदेशकाकडे किंवा जिल्ह्याच्या एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथकाकडे (सगळे त्याला डापकू म्हणतात) जाऊन पत्र मागावे, आणि त्यात आजाराचे नाव न घालता ‘अर्जदाराचे कुटुंब मार्गदर्शक सूचनांतील गंभीर आजारांच्या प्राधान्य गटात मोडते’ एवढेच लिहावे, असे स्पष्ट सांगावे. कुष्ठरोग, कर्करोग आणि एचआयव्ही एकाच गटात असल्यामुळे ग्रामसभेच्या ठरावातही तेवढाच शब्दप्रयोग पुरतो. गावाला त्यातून नेमका आजार कळत नाही. पत्र बंद पाकिटात गटविकास अधिकाऱ्यांच्या नावे द्यावे, पोच घ्यावी, आणि ए.आर.टी.च्या कार्डाची छायाप्रत कुणी मागितली तर सरळ नकार द्यावा. २०१७ च्या एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायद्याच्या कलम ८ नुसार न्यायालयाच्या आदेशाशिवाय कुणालाही आपली स्थिती उघड करण्यास भाग पाडता येत नाही; हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. अर्जात या कलमाचा उल्लेख एका वाक्यात करावा. त्यावर दोन पाने युक्तिवाद लिहिणाऱ्यांचे अर्ज मी टेबलावर न वाचता पडलेले पाहिले आहेत.

ग्रामसभेने प्राधान्य नाकारले तर जिल्हास्तरीय अपील समितीकडे जाता येते. हे अपील लेखीच करावे. सरपंचांना भेटून ‘बघा जरा’ म्हणण्याने वेळ जातो आणि चर्चा वाढते.

मंजुरीनंतरचे काम सोपे आहे. सपाट भागात १,२०,००० रुपये, डोंगराळ भागात १,३०,००० रुपये बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे आणि जिओ टॅग (ठिकाणाची नोंद असलेली) छायाचित्रे पाहून खात्यात येतात. रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे १२,००० रुपये वेगळे मागावे लागतात. मंजुरी पत्नीच्या किंवा दोघांच्या नावे घ्यावी.

पतीच्या निधनानंतर सासरच्यांनी घराबाहेर काढू पाहिलेल्या स्त्रीने घरकुलाची वाट पाहत माहेरी निघून जाऊ नये. वर सांगितलेल्या एचआयव्ही व एड्स कायद्याच्या कलम २९ ने सामायिक घरात राहण्याचा हक्क तिला दिला आहे, आणि तो सोडून गेल्यावर परत मिळवणे कठीण जाते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे दरमहा १,५०० रुपये तहसील कार्यालयातून सुरू करून घ्यावेत. तिथे वैद्यकीय दाखला लागतोच, पण तो त्याच कार्यालयापुरता राहावा आणि त्याची प्रत घरकुलाच्या फाइलला जोडू देऊ नये.